टंबलहोम

डब्लिनहून लॉर्कन आला तेव्हा फेस्टी
ओकच्या फासळीवर तासणी चालवत होता.
मार्चचा वारा शेडच्या पत्र्याखालून आत शिरत होता,
किटलीचं झाकण थडथडत होतं.

लॉर्कनने टेप चालू केला, वही उघडली.
"या नौकेची कूस पाण्याच्या रेषेपाशी फुगते
आणि वर, काठापाशी, परत आत येते.
इंग्रजीत याला टंबलहोम म्हणतात.
तुमच्या बोलीत काय?"

फेस्टीने तासणी खाली ठेवली.
उजवा तळहात पोटापासून निघाला,
बाहेर गेला, चांगला हातभर,
तिथे थोडा रेंगाळला, मग वर चढता चढता
बोटं छातीकडे वळली.
"हे," तो म्हणाला.

"हो, पण शब्द?"

"शब्द कशाला? माझ्या बापाने
माझा हात धरून असाच फिरवला होता.
त्याच्या हाताला डांबराचा वास होता. तोही लिही."

टंबलहोम. फोडून पाहावा असा शब्द:
गडगडत, कलंडत घरी येणं.
मराठीत तर घरंगळण्याच्या तोंडाशीच घर आहे,
रोज उच्चारतो आणि दिसत नाही.
जुने खलाशी तो क्रियापदासारखा वापरत:
ही बाजू घरी पडते, ती बाहेर पडते.
तोफांच्या जहाजांना म्हणे तो हवाच असे,
वजन मध्याकडे सरकावं,
आणि शेजारी येऊन भिडलेल्या शत्रूला
वर उडी मारताना खालची फट दिसावी.

कॉनेमाराच्या या खाडीत तोफा नव्हत्या.
पीट होतं. काठोकाठ रचलेल्या काळ्या विटा,
ज्या बेटांवर चुलीत घालायला काडी नाही
तिथवर नेलेल्या, आणि परतताना
चुनखडीचे दगड, कधी एखादी रुसलेली गाय.

फेस्टीचं कारण एवढंच:
"सरळ कुशीची नाव धक्क्यावर खांद्याने आपटते.
हिचं पोट लागतं. खांदा शाबूत राहतो."

बार्ब्रा, त्याची मुलगी, चहा ओतत होती.
"टाइग आला होता ना बोस्टनहून, एकवीस वर्षांनी,
तेव्हा तसंच झालं.
बाबा धक्क्यावरून हलले नाहीत, तोच आला चालत.
दोघांची पोटं आधी भिडली,
दोघांचीही सुटलेली, एकाच साच्यातली,
आणि खांदे राहिले वीतभर लांब.
मग बाबांनी विचारलं, जेवलास का."

"जेवला नव्हता," फेस्टी म्हणाला.

लॉर्कनचा हात टेपच्या बटणापर्यंत गेला
आणि तिथेच थांबला.

फेस्टी मग बराच वेळ लाकडाबद्दल बोलला.
फासळीसाठी सरळ ओक तो बघतच नाही.
लहानपणी वाऱ्याने बाहेर लोटलेलं
आणि मोठेपणी आपलं आपण
पुन्हा वर वळलेलं झाड हवं.
"वाफ देऊन वाकवलेलं विसरतं," तो म्हणाला,
"दहा हिवाळ्यांत सरळ व्हायला बघतं.
उगवताना वळलेलं नाही विसरत."
असं झाड गेली चार वर्षं मिळालेलं नाही.
ही फासळी जुन्या बोटीतून काढलेली,
तिच्यात अजून खिळ्यांची भोकं आहेत.

संग्रहालयातल्या कार्डावर नोंद आहे:
स्थानिक शब्द मिळाला नाही.
खाली पेन्सिलीने काढलेला एक हात,
अंगठा चुकीच्या बाजूला.
टेपवर झाकण, तासणी, कुत्र्याचं खाजवणं,
एका जागी चाळीस सेकंद काहीच नाही,
आणि मग बार्ब्रा:
साखर किती?